पोचा नाही म्हणजे टाकी ठीक, असं नसतंय ओ

अण्णा, कार्बन फायबरची सीएनजी टाकी उतरवताना पडली पण पोचा नाही म्हणून चालतंय म्हटलंय तुम्ही, तिथंच घोळ आहे की. लोखंडाला पोचा पडतो म्हणून कळतं तरी, फायबर परत मूळ आकाराला येतंय आणि आतले थर सुटलेले असतात, वरनं काय दिसत नाही. काचेच्या फायबरला निदान पांढुरका डाग पडतो, काळ्या कार्बनला तेही नाही. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यांत कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर हातोडी मारून आवाज ऐकतात ना, तसंच नाण्यानं टकटक करून बघतात, सुटलेल्या जागी बद्द वाजतं, पण जाड टाकीला त्याचा भरवसा नको, अल्ट्रासोनिकच करा, म्हणजे ध्वनिलहरी सोडून आतली तपासणी. आयएसओ ११४३९, म्हणजे गाडीच्या सीएनजी टाक्यांचं आंतरराष्ट्रीय मानक, त्यात तर नमुन्याची टाकी १.८ मीटरवरनं पाडून मग हजारो वेळा प्रेशर चढवून-उतरवून बघतात, नुसतं डोळ्यानं बघून पास नाही.