अंगावर पित्त उठतंय, कोणत्या तपासण्या करू? (बजेट २०००)

सायली_ठाणे: दोन महिने झाले, रोज संध्याकाळी अंगावर गांधी उठतात. खाजवून जीव जातो, सकाळी सगळं गायब. सेट्रिझिनने (ॲलर्जीची गोळी) दबतं. लॅबवाले ॲलर्जी पॅनेल (एकदम बऱ्याच गोष्टींच्या ॲलर्जीची रक्ततपासणी) ६५०० ला सांगतायत. मला २००० च्या आत बसवायचंय.

नानाकाका: आमसूल भिजवून ते पाणी अंगाला चोळा. आमच्या आईने लॅबचं तोंड पाहिलं नाही कधी.

झणझणीत_मिसळ: पैशाकडे बघू नका. मी ११००० चं पॅनेल केलं. वांगं, कोळंबी, झुरळ, धूळ निघालं. दीड वर्ष वांगं बंद आहे. पित्त उठतंच, पण निदान कळलं तरी.

रिकामटेकडा: काय कळलं नक्की?

त्वचा_रेसिडेंट: सहा आठवड्यांच्या वर गेलं की क्रॉनिक, म्हणजे जुनाट. त्यात बाहेरचं कारण बहुतेकदा सापडतच नाही, म्हणून सरसकट पॅनेल करत नाहीत. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर किंवा सीआरपी (अंगात दाह आहे का ते कळतं). पुढे त्वचावाल्यांना वाटलं तर टोटल आयजीई (ॲलर्जीशी संबंधित अँटिबॉडी) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी). एक फुकटची: गांधीभोवती पेनाने गोल काढा, वेळ लिहा. २४ तासांनंतरही तीच गांध तिथेच असेल, दुखत असेल, काळानिळा डाग सोडत असेल तर बायोप्सीचा (कातडीचा छोटा तुकडा काढून तपासण्याचा) विचार होतो. दुखण्यावरच्या गोळ्या चालू आहेत का? आणि ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर इथे विचारत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.

थंडोबा: मला गारठ्याने उठायचं. डॉक्टरांनी हातावर ५ मिनिटं बर्फ धरला, तिथेच गांध. खर्च शून्य.

कोकणकन्या: विकतच्या आमसुलात मीठ फार असतं, आग होईल. घरचं घ्या.

नानाकाका: मिठानेच तर गुण येतो. आणि आमसुलाचं मी आधीच सांगितलंय.

सायली_ठाणे: गोल काढले. सकाळी नुसते गोलच उरले 😀 गोळी म्हणाल तर कंबरेसाठी डायक्लोफिनॅक, पण ती दोन वर्षं घेतेय. तिचा काय संबंध?

त्वचा_रेसिडेंट: असू शकतो. या गोळ्यांनी असलेलं पित्त भडकतं, आधी चालत असली तरी. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून बदलून बघा. पॅनेलमध्ये हे दिसणार नाही.

सायली_ठाणे: सगळ्यांचे आभार, पण पॅनेल बुक झालं. सवलत रात्री बारापर्यंतच होती, ४९९९ ला पडलं. वर व्हिटॅमिन डी फुकट.

झणझणीत_मिसळ: वांग्याचं काय येतं ते कळवा.