पुट्टी घासून दरवाजा गुळगुळीत झाला, पण लाटा दिसतायत

जुनी८००
नमस्कार मंडळी. वडिलांची ९८ ची मारुती ८००, विकायची नाही म्हणून या सुट्टीत घरीच रंगवायला काढलीय. ड्रायव्हरकडच्या दरवाज्याला मोटारसायकलचं हँडल लागून पसरट डेंट पडला होता, तो आतून ठोकून बऱ्यापैकी वर काढला, पुट्टी भरली, १२० नंबरच्या घासायच्या पेपरने घासली मग २२० ने, हात फिरवला तर लोण्यासारखं लागतंय. प्रायमर मारला तेव्हाही खूश होतो. काल रात्री सहज त्यावर पाणी मारून पार्किंगच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघितलं तर ट्यूब नाही, साप चाललाय असं वाटलं. पेपर हातानेच धरून घासलाय, ब्लॉक (पेपर गुंडाळायचा सपाट ठोकळा) वगैरे काही वापरला नाही. गाडी पांढरीच करणार आहे, खपून जाईल का परत पुट्टी?

पत्र्याचा_माणूस
बोटांनी घासलंस तिथेच गेलं. चार बोटांचा जोर चार जागी पडतो, मधे जोर नाही, त्याच तुझ्या लाटा. हाताला लोणी लागतंय म्हणजे खरखर गेली एवढंच. पांढऱ्यात थोडं झाकतं पण उन्हात दिसणार, काळी असती तर लांबूनच दिसलं असतं.

एक फूटभर लांब सरळ लाकडाचा तुकडा घे, जाड काचेवर पेपर पसरून त्यावर तो आधी घासून सपाट कर, मग त्यालाच पेपर गुंडाळ. तिरका चालव, मग उलट तिरका, फुलीसारखं, आणि फक्त डेंटच्या जागेवर नाही तर आजूबाजूचा वीतभर चांगला पत्रा धरून. दाबू नकोस हां. ८०० चा पत्रा म्हणजे पापड, दाबला की आत जातो, हात उचलला की वर येतो आणि मग तुला कळतच नाही कुठे किती घासलं गेलं. आणि दरवाज्याला उभ्यात गोलाई आहे, तिथे कडक ब्लॉक उभा धरून वरखाली केलास तर ती चपटी होईल.

गॅरेजवाले_काका
वरच्याने बरोबर सांगितलंय. घासायच्या आधी काळ्या स्प्रे कॅनचा दीड फुटावरून नुसता शिंतोडा मार, अख्ख्या दरवाज्यावर. मग ब्लॉक फिरव. काळं जिथे राहिलं तो खड्डा, प्रायमर जाऊन पत्रा चमकला तो उंचवटा. नवीन पोरं इथेच चुकतात, खड्ड्यातलं काळं काढायला पेपर दुमडून तिथेच बोटाने घासत बसतात. ते करायचं नाही, काळं राहू दे, तिथे पातळ पुट्टी भर. उंचवटा छोट्या हातोडीने अगदी हलका खाली बसव, पत्रा घासून पातळ करू नकोस.

पुट्टी ८० ने आकारात आण, १८० ने ओरखडे काढ, मग सरफेसर, म्हणजे रंगाआधी मारायचा जाड प्रायमर. जिथे पत्र्याला धार आहे तिथे धारेवर मास्किंग टेप लाव, एका बाजूने टेपपर्यंत घास, मग टेप पलटून दुसरी बाजू, नाहीतर धार साबणासारखी गोल होईल.

सांगलीकर
काका आमच्याकडे तर सगळं वॉटर पेपरनेच घासतात की, धूळ पण होत नाही

गॅरेजवाले_काका
@सांगलीकर सरफेसर पाण्याने घासा ना, ४०० ने मग ६०० ने, काही हरकत नाही. पुट्टी मात्र कोरडीच. पुट्टी पाणी पिते, ते पाणी पत्र्यापर्यंत जातं, आतून गंज धरतो आणि वर रंगाला फोड येतात. धुळीचं म्हणाल तर मास्क लावा, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. आणि @जुनी८०० तू प्रायमरवर पाणी मारलंयस, तो दोन दिवस कडक उन्हात वाळू दे आधी.

जुनी८००
काका, काळा शिंतोडा मारून बघितला. हँडलच्या खाली तळहाताएवढं काळं राहिलंय आणि त्याच्या कडेला रुपयाएवढा पत्रा चमकतोय, म्हणजे मीच आतून जास्त ठोकला होता 😅 पुट्टी भरताना हार्डनर (पुट्टी कडक व्हायला मिसळतात तो) थोडा जास्त टाकला तर लवकर सुकेल का, रविवारपर्यंत संपवायचं होतं

पत्र्याचा_माणूस
नको. डब्यावर लिहिलंय तेवढाच. जास्त झाला की बारीक भोकं पडतात, कधीकधी डाग वरच्या रंगातूनही फुटून दिसतो. रविवार विसर.