शाळेतला वाचनकट्टा: मुलं पुस्तकं नेतात, वाचत मात्र नाहीत

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, आम्ही वाचनकट्टा सुरू केला. शनिवारी शेवटच्या तासाला मुलं व्हरांड्यात बसतात. आठवड्याला एक पुस्तक वाचायचं आणि वहीत नाव, लेखक, सारांश, 'मिळालेला बोध' लिहायचा. सुरुवातीला उत्साह होता, आता सगळे एकाच वहीतून बोध उतरवतात. दोघीतिघी मुली भराभर वाचतात, काही पोरं अजून अक्षरं जुळवत वाचतात. बक्षीस ठेवू का?

चहाटळ
ठेवा की. पोरांना पेन जरी दिलं तरी वाचतील.

जुना फळा
बक्षीस ठेवलंत की कपाटातलं सगळ्यात पातळ पुस्तक कुठलं ते पोरं अचूक शोधतील, एवढं नक्की.

बाई, आधी ती वही बंद करा. शेवटी बोध लिहायचाय म्हटल्यावर मीसुद्धा पुस्तकाला हात लावणार नाही. लिहून घ्यायचंच असेल तर एकच ओळ घ्या: 'हे पुस्तक वर्गात कुणाला द्यावं आणि का?' 'गण्याला, कारण त्याला साप आवडतात', एवढं पुरे. गण्या ते पुस्तक मागायला येतो. आणि ही ओळ उतरवून काढता येत नाही. न आवडलेलं पुस्तक अर्ध्यावर सोडायची मुभाही द्या, आपण मोठी माणसं तेच करतो.

दुसरं, तुम्ही स्वतः वाचून दाखवा. परिपाठ झाला की दहा मिनिटं, रोज. ऐन रंगात आलं की थांबायचं, पुस्तक टेबलावर उघडं ठेवायचं आणि कामाचं निमित्त काढून ऑफिसात जायचं. पुढचं काम पोरं करतात.

आता अडखळणारी मुलं. सातवीतल्या मुलाच्या हातात मोठ्या अक्षरांचं चित्रांचं पुस्तक दिलं की तो लाजेनं मरतो. पण त्यालाच सांगा, 'शुक्रवारी पहिलीच्या पोरांना ही गोष्ट तू वाचून दाखवायचीस.' मग तेच पुस्तक तो ऐटीत घरी नेतो, चारदा मोठ्यानं वाचतो, वाघाचा आवाजही बसवून येतो. वाचन सुधारायला मला याहून चांगला उपाय सापडला नाही. फक्त त्या तासाला तुम्ही मागे उभं राहून उच्चार दुरुस्त करू नका.

पुस्तकांची चणचण असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहेच. 1971 पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. लहानांसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' बघा. मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि परवाना खुला असल्यानं छापून घेतल्या तरी चालतं. सहलीचा विषय निघाला तर प्रतापगडाला जोडून भिलारही घ्या, तुमच्याच जिल्ह्यात आहे. 2017 पासून तिथं घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात. नुसतं फिरवून आणू नका, दोन तास बसू द्या.

कोयनाकाठ
सर, वही आजपासून बंद. पण बरीचशी पुस्तकं कुलपात आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, जडसंग्रहाला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, नोंद आहे, हरवलं तर भरून कोण देणार?

जुना फळा
ही भीती सगळीकडे तीच. दप्तर तपासणीत पुस्तक मोजतात, ते किती हातांतून गेलं हे कुणी विचारत नाही. फाटक्या पुस्तकांचं निर्लेखन करता येतं, म्हणजे ती नोंदीतून रीतसर काढता येतात, शाळा व्यवस्थापन समितीसमोर विषय ठेवा. तोवर समाजसहभागातून आलेली पुस्तकं आणि 'किशोर'चे सुटे अंक व्हरांड्यात दोरीवर चिमट्यांनी लटकवा. देवघेवीची वही मुलांकडेच द्या, शक्यतो वर्गातल्या सगळ्यात उनाड पोराकडे. तो वसुलीत कुणाला सोडत नाही.

माहेरवाशीण
आमच्या मुलांच्या शाळेत उलटी गत. इंग्रजी माध्यम, पुस्तकं ढीगभर, मराठीचं एक नाही. जुना फळा, ती 'कुणाला द्यावं' वाली ओळ आमच्या सोसायटीतल्या पोरांसाठी ढापते आहे.

कोयनाकाठ
पहिलीच्या बाईंनी शुक्रवारचा तास दिला! पण आमची मुलं एकोणीस आणि त्यांची नऊ. जोड्या कशा लावू?

जुना फळा
एका लहानग्याला दोघं द्या. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं पानं उलटायची, पुढच्या शुक्रवारी अदलाबदल. उरलेला एक म्हणजे तुमचा वसुलीवाला, त्याला पुस्तकं वाटू द्या.