पाच गावांनी मिळून आरोग्य मोजायचं, तर नेमकं काय मोजायचं?

मांजराकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे. आमच्यासारख्या पाच ग्रामपंचायती एकाच प्राथमिक आरोग्य केंद्राखाली येतात. सरपंच, आशाताई, अंगणवाडी ताई, दोन शिक्षक आणि बचत गटाच्या बायका अशी आमची एकत्र बैठक सुरू झालीय. पाचही गावांनी आरोग्याच्या त्याच चार-सहा गोष्टी, एकाच पद्धतीनं मोजायच्या आणि ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडायच्या, एवढं ठरलंय.

कुठल्या गोष्टी, इथं घोडं अडलंय. पहिल्याच बैठकीत यादी चाळिसाच्या पुढं गेली. डॉक्टरांना बीपी-शुगर हवंय, सिस्टरना दवाखान्यातली बाळंतपणं, शिक्षकांना पटावरची हजेरी, सरपंचांना शौचालयं. बायकांना विचारलं तर आधी पाणी आणि मग दारू. एकही मागणी चुकीची नाही, म्हणून तर खोडवत नाही.

त्यात आमची मोठी अडचण ऊसतोडीची आहे. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि कितीतरी घरांना कुलूप लागतं ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. लहान पोरं आईबरोबर फडावर जातात. मग जानेवारीच्या नोंदीत आमच्या गावात कुपोषण कमी झालेलं दिसतं, कारण ज्या घरांतली पोरं अशक्त तीच घरं गावात नसतात. कागद सुधारतो, पोर फडावरच्या कोपीत खोकत असतं. हे मला सहन होत नाही.

गाव म्हणजे कोण धरायचं? आणि कशाचं माप घेतलं तर पाचही गावांना ते आपलं वाटेल? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा.

निवृत्त आरोग्य सहाय्यक

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट यादीतून काढा. अर्भक मृत्युदर गावाच्या पातळीवर मांडू नका.

हिशेब करून बघा. गावची लोकसंख्या चौदाशे धरली तर वर्षाला वीसेक जन्म. त्यात दुर्दैवानं एक बाळ गेलं की दर होतो हजारी ५०. पुढच्या वर्षी एकही गेलं नाही की शून्य. महाराष्ट्राचा दर २०२० च्या नमुना नोंदणीत १६ होता. म्हणजे तुमचं गाव एका वर्षी राज्याच्या तिप्पट वाईट आणि दुसऱ्या वर्षी जगात सर्वांत चांगलं! दोन्ही खोटं. एवढ्या थोड्या जन्मांवर दर काढायचाच नसतो. त्याऐवजी प्रत्येक मृत्यूची गोष्ट विचारा: ताप कधी आला, गाडी कधी मिळाली, कुठल्या दवाखान्यातून परत पाठवलं. ते नोंदवा, टक्का नको.

पाण्याचं माप मात्र नक्की ठेवा, ते सोपंय. टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकल्यावर शेवटच्या घरच्या नळाला ओटी चाचणी करायची, पिवळा रंग आला की क्लोरीन पोचलं. टाकीजवळची चाचणी नको, ती नेहमीच चांगली येते. आठवड्यात किती वेळा शेवटच्या नळाला पिवळं आलं, हा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा. पाण्याच्या शुद्धतेची सरकारची लाल-पिवळी-हिरवी कार्डं गावाला माहीत असतातच, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही.

गटप्रवर्तक, मराठवाडा

आमच्या आशांच्या बाजूनं बोलते. कृपा करून नवीन रजिस्टर काढू नका. एकाच पोराचं वजन अंगणवाडीत पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर, दंडघेर आशाच्या वहीत आणि तिसरी नोंद उपकेंद्रात. तिन्ही जुळत नाहीत आणि बोलणी आशाला. आधी या तिघींना एका सतरंजीवर बसवा, एका दिवशी, एकाच काट्यावर मोजायला लावा. निम्मं काम तिथंच होईल.

लहान मुलांसाठी मी दंडघेर निवडीन. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला पट्टी लावायची, ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल म्हणजे तीव्र कुपोषण, १२.५ पर्यंत पिवळं म्हणजे मध्यम. काटा लागत नाही, वीज लागत नाही. आईला रंग स्वतः दिसतो, तिच्यापासून काही लपवता येत नाही. वजन-उंची अंगणवाडीत चालूच राहू द्या, पण पाच गावांचं सामायिक माप पट्टी ठेवा.

आणि मोजल्यावर काय करायचं ते मोजायच्या आधी ठरवा. लाल निघालेलं पोर ग्रामीण रुग्णालयात न्यायला गाडी कुणाची, तेवढे दिवस आईची मजुरी बुडते तिचं काय? हे ठरलं नसेल तर लाल पट्टी दाखवून आईला नुसतं रडवाल.

पदर खोचून

मी स्वतः आठ हंगाम ऊसतोडीचा कोयता केला, आता बचत गट चालवते. वरची सगळी मापं बरोबर आहेत, पण आमच्याबद्दलचं एकही नाही त्यात.

२०१९ साली सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हे एका वर्षात झालेलं नाही. इतकी वर्षं रजिस्टरं होती, महिन्याला अहवाल जात होते, पण हा रकानाच कुठं नव्हता. गरोदर आणि बाळंतीण एवढ्याच बाया मोजायच्या, बाकीच्या बाईला काही होतच नाही असं धरलेलं. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय, खाडा पडला तर मजुरी कापतात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर आहे. मग डॉक्टर म्हणाले काढून टाका, की बाई तयार होते.

म्हणून माझं मत, एक माप यासाठी ठेवा: या वर्षी किती जणींना पिशवी काढायला सांगितलं आणि त्यातल्या किती जणींना दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता आलं. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगीत हे ऑपरेशन करू नये असा आदेश त्या साली निघालाय, तो किती जणींना माहीत आहे तेही त्यातून कळेल. विचारायचं बचत गटातल्या बाईनं, घरात बसून. ग्रामसभेत नाव नाही, फक्त आकडा. पाच गावांचा मिळून एकच आकडा सांगा, म्हणजे कुठली बाई ते कुणाला हुडकता येणार नाही.

वस्तीवरचा मास्तर

पटावरच्या हजेरीपेक्षा एक वेगळी मोजणी सुचवतो: जूनमध्ये आठवीत असलेल्या मुलींपैकी पुढच्या जूनला नववीत किती बसल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १८ च्या आत लग्न झालेल्या तरुण मुली २१.९ टक्के आहेत, आणि आपला जिल्हा त्याच्या जवळपास दुप्पट. जोडपं म्हणजे एक कोयता, त्याला उचल मिळते, एकट्याला अर्धा कोयता म्हणतात, त्यामुळे लग्नाची घाई होते. "बालविवाह किती झाले" असं विचारलं तर गाव शून्यच सांगेल. नववीच्या वर्गातली रिकामी जागा कुणालाच नाकारता येत नाही. आई-बाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांचं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं की नाही, हेही याच आकड्यात दिसतं.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं बैठकीत वाचून दाखवलं. पिशवीच्या मापावर दोन पुरुष सदस्य उठून जायला निघाले होते, बायकांनी बसवून घेतलं. ते माप राहणार.

"गाव म्हणजे कोण" याचं उत्तर आमच्या आशाताईनं काढलं. ज्याचं रेशनकार्ड गावात तो गावचा, मग तो जानेवारीत कुठंही असो. आणि मोजायचं वर्षातून दोनदा: २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी, म्हणजे गाड्या लागायच्या आत, आणि १ मेच्या ग्रामसभेआधी, सगळे परतल्यावर. त्याच पोराच्या दंडाला तीच पट्टी. जाताना हिरवी असलेली किती पोरं पिवळी-लाल होऊन आली, हा आमचा मुख्य आकडा. हंगामानं आमच्या पोरांचं काय केलं ते त्यात दिसेल, आणि तो कागद घेऊन आम्हाला कारखान्याकडंही जाता येईल, पंचायत समितीकडंही. २६ जानेवारीला मोजायचं नाही, हे ठरावात लिहून घेतलं.

तर सध्या यादी अशी: जाता-येतानाचा दंडघेर, शेवटच्या नळाची ओटी, आठवीतून नववीत गेलेल्या मुली, पिशवीचा सल्ला आणि दुसरं मत. बालमृत्यूची गोष्ट लिहायची, दर काढायचा नाही. बीपी-शुगर डॉक्टरांकडंच राहू दे, तिथं त्यांची यंत्रणा आहे. शौचालयावर सरपंच नाराज आहेत, पण बांधलेली शौचालयं आधीच तीन ठिकाणी मोजली जातात.

दारूचं अजून ठरलेलं नाही. बायकांची ती पहिली-दुसरी मागणी होती आणि ती सोडून दिली तर ही यादी त्यांची राहणार नाही. पण मोजायचं कसं? दुकानं मोजली तर चोरून विकणारा सुटतो, पिणारे मोजले तर घरात भांडण. कुठल्या गावानं हे नीट मोजलं असेल तर पद्धत सांगा. लाल पोराची गाडी आणि आईची मजुरी यासाठी ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून तरतूद करणारा ठराव कुणाकडं असेल तर तोही पाठवा, आमच्या ग्रामसेवकांना नमुना हवाय.