पाठचं भावंड येणार: साडेतीन वर्षांच्या लेकीला कसं सांभाळायचं?

मंडळी, नमस्कार.

आपल्या या ई-मेल यादीवर एरवी मी फक्त वाचते, आज विचारायचंय. मला पाचवा महिना सरत आलाय. मोठी लेक साडेतीन वर्षांची. माझं पोट दिसायला लागलं आणि ती प्रश्न विचारायला लागली, म्हणून तिला सांगून टाकलं. आधी खूप नाचली. आता रोज सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "आज येणार का बाळ?" नाही म्हटलं की माझ्या पोटाशी तोंड नेऊन ओरडते, "चल, ये ना बाहेर!" दिवसा शहाणी असते, पण रात्री झोपताना सोडलेली दुधाची बाटली परत मागते. "मीच बाळ आहे" असंही सुरू झालंय.

नवरा म्हणतो, तुला खेळायला सोबती येतोय असं सांगू, म्हणजे खूश राहील. मला ते पटत नाही. आणि खरी धास्ती वेगळीच आहे. आम्ही इथे दोघंच. सासू-सासरे येतील म्हणतात, पण बाळंतपण नेमकं त्यांच्या मुक्कामातच होईल याची काय खात्री? मध्यरात्री निघायची वेळ आली तर हिला कुणाकडे ठेवायचं?

अनुभवी लोकांनी सांगावं.

एक आई

*

उत्तर: पाठचं भावंड येणार

ताई, तुमचं बरोबर आहे, सोबती वगैरे अजिबात सांगू नका. माझ्या पुतण्याला हेच सांगितलं होतं. बाळ घरी आल्या दिवशी तो बॅट-बॉल घेऊन पाळण्यापाशी हजर. बाळ झोपलेलं. संध्याकाळी आला, बाळ झोपलेलं. रात्री आला, तर बाळ रडतंय. "हे परत द्या आणि खेळणारं आणा," म्हणाला. सगळे हसले, तो मात्र खरोखर फसवला गेला होता.

नव्या बाळाला काय काय येत नाही ते आधीच सांगून ठेवावं. दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं, तेही तुकड्या-तुकड्यांत. वीस-तीस सेंटिमीटरच्या पलीकडचं त्याला धूसर दिसतं, म्हणजे तुमच्या लेकीने लांबून केलेल्या गमती वाया जाणार, तिला अगदी जवळ यावं लागणार. तिच्याकडे बघून हसायलासुद्धा दीड-दोन महिने लागतात. बेंबीला नाळेचा सुकलेला तुकडा दिसेल, त्याने मुलं घाबरतात. तो आठवड्या-दोन आठवड्यांत पडतो, हेही आधीच सांगा.

आणि तिचे स्वतःचे जन्मानंतरचे फोटो, व्हिडिओ काढा. आम्ही थोरलीला रोज रात्री दाखवायचो. "मी एवढी रडायचे?" याचं तिला इतकं अप्रूप की पुढे बाळ रडलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मी याच्यापेक्षा मोठ्याने रडायचे."

दोन मुलींचा बाबा

*

उत्तर: पाठचं भावंड येणार

अगं, आमच्या वेळी मुलांची तयारी वगैरे कुणी करून घेत नव्हतं. माझ्या पाठीवर तिघं. एका सकाळी उठले तर आईशेजारी कुणीतरी गुंडाळून ठेवलेलं. काही बिघडलं नाही माझं. तुम्ही हल्ली फार विचार करता, असं मला वाटतं ते वाटतंच.

पण एक गोष्ट तुम्हा मुलांच्या लक्षात येत नाही. आमचं बिघडलं नाही कारण आईची मांडी गेली तर दुसरी मिळायची. आजी होती, आत्या होती, शेजारच्या काकू होत्या. आईने हाकललं की मी आत्याच्या पाठीवर. तुमच्या घरात मांड्या दोनच, त्यातली एक बाळात गुंतणार आणि दुसरीला ऑफिस. तेव्हा हिला बाळाबद्दल काय सांगायचं याची चिंता सोड, हिला तिसरी मांडी शोध. आणि ती आत्ताच शोध. परक्या बाईकडे मध्यरात्री रडत रडत ठेवून जाण्यात काय अर्थ आहे?

मी तुमच्यापासून फार लांब नाही. रात्री-अपरात्री फोन कर, मी येते. मात्र त्याआधी तिला चार वेळा माझ्याकडे आणून सोड, एकदा रात्री राहू दे. मला मुलं आवडतात, टीव्हीसमोर बसवणार नाही.

काकू

*

उत्तर: पाठचं भावंड येणार

काकूंचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटला. मी बालरोगतज्ज्ञ आहे. यादीवर कुणाच्या मुलाची तपासणी करत नाही, पण सर्वसाधारण चार गोष्टी सांगते.

मोठ्या मुलाच्या दृष्टीने दुसरं बाळ म्हणजे संकटच, असं लोक धरून चालतात. मिशिगन विद्यापीठात ब्रेंडा व्होलिंग यांच्या गटाने २४१ कुटुंबांकडे बाळाच्या जन्माआधीपासून ते बाळ वर्षाचं होईपर्यंत लक्ष ठेवलं. बहुतेक थोरल्या मुलांमध्ये अचानक येऊन टिकून राहणारं बिघडलेपण त्यांना दिसलं नाही. बाटली मागणं, पुन्हा कपड्यात शू होणं, बोबडं बोलणं हे चालतं, जातं. बाटली मागितली तर थोडा वेळ द्या, चेष्टा करू नका, "एवढी मोठी घोडी झालीस" तर मुळीच नको. महिनोन्महिने चाललं, खाणं-झोप पार विस्कटली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

जूडी डन यांनी इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या परिसरातली चाळीस कुटुंबं अभ्यासली होती, १९८०च्या आसपासची गोष्ट. त्यात दोन गोष्टी दिसल्या. आई बाळाला पाजत असते नेमकं तेव्हाच थोरल्यांचा खट्याळपणा वाढतो. म्हणून पाजायच्या जागेपाशी हिच्यासाठी काहीतरी ठेवा, एखादी टोपली, जी त्याच वेळी उघडायची. दुसरं, ज्या घरांत आया पहिल्या आठवड्यांपासून बाळाबद्दल "त्याला आता काय हवं असेल गं?", "आवाजाने दचकला का?" असं थोरल्याशी बोलत होत्या, तिथली थोरली मुलं पुढे वर्षभराने बाळाशी जास्त मायेने वागताना दिसली. हे बोलणं आत्ता, पोटातल्या बाळाबद्दलही सुरू करता येतं. सहाव्या महिन्याच्या सुमाराला बाळ बाहेरच्या आवाजांना प्रतिसाद देऊ लागतं, तेव्हा तिचं ओरडणं अगदीच फुकट जाणार नाही! लाथ तिच्या हाताला लागायलाही आता फार वेळ नाही.

पाळण्यातून पलंगावर हलवायचं असेल तर दोन-तीन महिने आधी हलवा, नाहीतर बाळ रुळल्यावर. बाळ आलं त्याच आठवड्यात नको, तिला वाटतं बाळाने जागा बळकावली. शू-शी शिकवणंही तसंच. तिच्या लसी वेळेवर झाल्यात ना ते बघा, डांग्या खोकला नवजात बाळाला फार बाधतो. गरोदरपणात आईनेही त्याची लस साधारण २७ ते ३६ आठवड्यांत घ्यायची असते, डॉक्टरांना विचारा. सर्दी असेल तेव्हा तिने बाळाच्या तोंडाचा पापा घेऊ नये, पायाचा घ्यावा. आणि दोघांना एकटं सोडू नका, एक मिनिटसुद्धा. साडेतीन वर्षांचं मूल प्रेमानेही फार घट्ट आवळतं.

यादीतली एक डॉक्टर

*

उत्तर: पाठचं भावंड येणार

"आज येणार का" यावर: तारीख सांगूच नका. आमच्या बहिणीकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल केला होता. त्या दिवशी बाळ आलं नाही आणि भाच्याने दिवसभर दार सोडलं नाही. नेमक्या दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात पाचेक असतात. सदतीस ते बेचाळीस आठवडे, कधीही. मोठ्या माणसांनाही ही वाट पाहणं जमत नाही, तर साडेतीन वर्षांच्या पोरीला "अजून अठरा आठवडे" म्हणजे काय कळणार? तिला तिच्या गोष्टींची खूण द्या. आधी तुझा वाढदिवस, मग शाळेला सुट्टी, मग सुट्टी संपेल, मग कधीतरी बाळ. शेवटच्या आठवड्यांत तर "बाळ" हा विषय थोडा बाजूलाच ठेवा. घरात येणारा प्रत्येक जण तिला "दीदी होणार ना?" एवढंच विचारतो. बिचारीला स्वतःचं काही चाललेलं आहे की नाही!

एक मावशी (सख्खी)

*

उत्तर: पाठचं भावंड येणार

व्यवस्थापकांकडून: उत्तर देताना खालची जुनी मेल कृपया कापा, सगळ्यांचे फोन भरतात. बाबागाडी विकण्याबद्दलची मेल या धाग्यात आली होती, ती "देणे-घेणे"मध्ये हलवली आहे. चर्चा चालू द्या.

*

उत्तर: पाठचं भावंड येणार

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला पुतण्याची गोष्ट वाचून दाखवली, सोबतीचं प्रकरण मागे घेतलं आहे.

आम्ही असं ठरवलं आहे. रात्री निघायचं झालं तर काकू येतील, त्यांच्या पोहोचण्यापर्यंत शेजारच्या ताई बसतील. दोघींकडे किल्ली. तिची पिशवी माझ्या पिशवीशेजारी भरून ठेवणार, त्यात काय असावं ते ती ठरवतेय. सध्या दगड आणि एक मोजा आहे. झोपेतून उठून मी दिसले नाही असं होऊ द्यायचं नाही, म्हणून तिला उठवून, सांगून निघायचं, ती रडली तरी. दवाखान्यात ती पहिल्यांदा येईल तेव्हा बाळ माझ्या हातात नसेल, बाजूला असेल. आधी ती, मग बाळ. हे नवऱ्याने सुचवलं, श्रेय त्याचं.

डॉक्टर ताई, तुम्ही म्हणालात तसं मी तिच्याशी बोलून बघितलं. "बाळाला आत काय वाटत असेल?" विचारलं. म्हणाली, "अंधार. आणि आई सारखी बोलते." सोयीचं उत्तर नाही, पण सुरुवात झाली.

काकू, या शनिवारी दुपारी आणू का? पहिल्या वेळी मीही थांबेन, दुसऱ्या वेळी जाईन. तिचा निरोप आहे, तुमच्याकडे मांजर असेल तरच येणार.

तीच आई

*

उत्तर: पाठचं भावंड येणार

मांजर नाही. कासव आहे. विचार तिला चालतंय का. आणि ते दगड आण, कासवाला लागतात.

काकू