तीन भागांआधी दिग्दर्शक बघा

वर कोणीतरी लिहिलंय की नवी ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, पुढे बघायची की नाही ते तीन भाग बघूनच ठरवावं. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात नव्या ॲनिमेंचा ऑक्टोबरचा हंगाम नेमका सोयाबीनच्या सोंगणीत येतो. रात्री स्लॅबवर चढलं की रेंज मिळते, तोवर डेटा संपत आलेला. दहा मालिकांचे तीन-तीन भाग कसे बघणार? मी दिग्दर्शक बघतो, स्टुडिओ नाही. २०२२ची ‘बोच्ची द रॉक’ मला फार आवडली होती, दिग्दर्शक केइइचिरो साइतो. २०२३ची ‘फ्रिरेन’ही त्यांचीच आहे हे कळलं आणि ट्रेलर न बघताच सुरू केली. स्टुडिओ वेगळे, आधी क्लोव्हरवर्क्स, मग मॅडहाउस. पण शांत क्षणांना वेळ देणारा हात तोच. माझा दादा मात्र मूळ मांगा (जपानी कॉमिक) पूर्ण झालाय का, ते आधी बघतो. तेही पटतं मला.