कारवानीचं पहिलं वेत घ्यावं का?

माणदेशी_पोर
आमच्याकडं कारवान, म्हणजे मुधोळ हाउंड म्हणतात त्या शिकारी कुत्र्याच्या जातीची मादी आहे, राणी. वय १४ महिने, देखणी. सांगोल्याच्या बाजारात नेली की लोक थांबून विचारतात, "पिल्लं कधी?" येत्या माजाला जोड लावावी म्हणतोय. नर शेजारच्या वाडीतलाच, राणीच्याच आईच्या आधीच्या वेतातला. नरवाल्याला एक पिल्लू द्यायचं, बाकीची विकली की बोअरची मोटर दुरुस्त होईल, एवढा साधा हिशोब. पहिलीच वेळ आहे. काय काय बघावं लागतं?

कोथरूडची_माई
थेट सांगते, नका घेऊ वेत. मी सोडून दिलेल्या कुत्र्यांना घरं शोधून देते. गेल्या पावसाळ्यात तीन कारवान आले माझ्याकडे, तिघंही वर्षाच्या आतले. कुणीतरी मोबाईलवर पळताना बघितलं, हौसेनं आणलं आणि दोन खोल्यांत कोंडलं. मग एक दिवस मांजर दिसलं, पट्टा हातातून सुटला. एकाचा मागचा पाय हायवेवर गेला. तुमची पिल्लं कुणाकडे जाणार, ते आज नावानिशी सांगता येतंय का? "विकली जातील" हे उत्तर नाही. आणि घेणाऱ्याला आठ महिन्यांनी नकोसं झालं, तर परत तुमच्या गोठ्यात घ्याल का? याचं उत्तर "नाही" असेल, तर पुढचं काहीच विचारू नका.

पश्मीवाला
माईंचं दुःख खरं आहे, पण औषध उलटं सांगतायत. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही कुत्री नेटानं पाळली, जोडी थेट पंचम जॉर्जला भेट दिली, म्हणून "मुधोळ हाउंड" हे नाव तरी लोकांना ठाऊक आहे. २००५ साली टपालाचं तिकीट निघालं, पुढं लष्करातही घेतली. पण गावात अस्सल कारवान शोधायला निघा, शर्यतीच्या नादात ग्रेहाउंड या विलायती पळणाऱ्या कुत्र्याची भेसळ झालेलीच निम्मी दिसतील. चांगली मादी असलेल्या शेतकऱ्यानं वेत घ्यायचं बंद केलं, तर पैदास कुणाच्या हातात उरणार? व्हिडिओ टाकून पिल्लं विकणाऱ्या दलालांच्याच ना?
माणदेशी, जोड लावा. भाऊ असला म्हणून बिघडत नाही. रक्त घरातल्या घरात टिकतं.

गुरांचा_डॉक्टर
पश्मीवाले, खिलार गायीला तिच्याच आईच्या पोटचा वळू दाखवता का तुम्ही? मग इथं कसं चालतं? आधीच या जातीत वेगळ्या रक्ताची घराणी मोजकी, त्यात भावाबहिणीची जोड लावली की पिल्लं कमी होतात, अशक्त होतात, आणि झाकून राहिलेला रोग वर येतो. नर दुसऱ्या तालुक्यातला शोधा.

माणदेशी, वयाचं आधी. २०१७ च्या केंद्राच्या पैदास नियमांत मादी किमान १८ महिन्यांची हवी, लागोपाठच्या माजाला वेत नको, जन्मभरात पाचाच्या वर नको, आणि पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. विक्रीसाठी पैदास करायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणीही लागते. म्हणजे हा माज सोडाच.

आता जोडीआधीची तपासणी. दोघांचीही ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या जंतूसाठी रक्ततपासणी. गाभण मादी दीडेक महिना उलटल्यावर पिल्लं टाकते ती बऱ्याचदा यानं, आणि तो माणसालाही लागतो, त्यामुळं टाकलेलं उघड्या हातानं उचलू नका. केनेल क्लबचा कागद असला तरी तो आईबाप कोण एवढंच सांगतो, तब्येतीचं काही सांगत नाही. कागदावर जोड लावणारे खूप बघितलेत मी.

पोट साधारण ६३ दिवसांचं. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा ताप बघा. ९९ च्या खाली उतरला की बहुधा २४ तासांत व्याते. पहिल्या पिल्लाआधी हिरवट स्राव आला, किंवा अर्धा तास जोराच्या कळा देऊनही काही आलं नाही, तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. रात्री दोनला सिझेरियन करणारा डॉक्टर किती किलोमीटरवर आहे, हे जोड लावायच्या आधी माहीत पाहिजे. शिवाय या जातीच्या अंगावर चरबी नसते, काही भुलीची औषधं शरीरातून लवकर उतरत नाहीत. करणाऱ्याला आठवण करून द्या.

माणदेशी_पोर
एवढं असतं होय! शेजारी म्हणतात गाभण राहिली की कॅल्शियमची पावडर चालू कर, दूध भरपूर येतं. ती तरी देऊ ना?

गुरांचा_डॉक्टर
हीच सगळ्यात वाईट सवय. गाभणपणी वरून कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून काढायचं विसरतं, आणि दूध पाजताना मादी थरथरायला लागते, ताठ होते. वेळेवर शिरेतून कॅल्शियमचं सलाइन नाही मिळालं तर मरते. चांगला आहार द्या, पावडर ठेवा बाजूला.

पश्मीवाला
आमच्या आजोबांनी ना रक्त तपासलं, ना ताप मोजला. कुत्री पालाखाली व्यायची.

गुरांचा_डॉक्टर
आणि सातातली जगायची किती, तेही सांगा ना अण्णा.

पश्मीवाला
दोन-तीन. बरं, ते कबूल. पण त्या दोन-तीन पिल्लांत दम असायचा.

लॅबचा_बाप
माझ्या लॅब्राडोरचं एकच वेत घेतलं. आठ पिल्लं. पहिले दहा दिवस मी बल्बखाली बसून, कारण पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही. किचनच्या काट्यावर रोज वजन. एकाचं दोन दिवस वाढलं नाही, तिसऱ्या दिवशी ते गेलं. बाकीची सातव्या आठवड्यात असताना पार्वो, म्हणजे रक्ताच्या जुलाबाचा जीवघेणा विषाणू, आला, बहुतेक "बघायला" येणाऱ्यांच्या चपलांतून. तीन गेली. सलाइन, लसी, जंताचं औषध, रजा, सगळं धरलं तर उरलेल्या चारांच्या पैशात खर्चही निघाला नाही. मोटर दुरुस्त करायला दुसरा मार्ग बघा, दादा.

कोथरूडची_माई
डॉक्टरांचं सगळं पाळून वेत घेणारा भेटला, तर माझा विरोध मवाळ होईल. अजून भेटला नाही. शिकारीसाठी पिल्लू मागणाऱ्यालाही देऊ नका. ससा मारणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे माणदेशात कुणी ऐकतच नाही.

माणदेशी_पोर
राणी परवा माजावर आली. कोठीत बांधलीय, दाराशी गावातली अकरा कुत्री बसून आहेत, रात्रभर झोप नाही. तीन आठवडे असंच काढायचे म्हणे. मोटर मामाकडून उसनं घेऊन दुरुस्त केली. जोड पुढच्या माजाला, ती पण पिल्लांची किमान चार घरं आधी ठरली तर. जतजवळ एक नर ऐकलाय, वेगळ्या घरातला. ब्रुसेलाची तपासणी पंढरपुरात होते का रक्त पुण्याला पाठवावं लागतं?

गुरांचा_डॉक्टर
आधी तालुक्याच्या दवाखान्यात विचारा. आणि नराचंही रक्त घ्या. नरवाला नाही म्हणाला, तर तो नर नको.